तुला किती दिसतंय?

माझ्या थोरल्या बहिणीला गेली नऊ वर्षं आकडा एकटीने वाचता येत नाही. डोळे तिचे उत्तम आहेत. सुईत दोरा अजून तीच ओवते, मला जमत नाही. पण वजनकाटा असो, विजेचं मीटर असो, भिंतीवरचं घड्याळ असो, ताई आधी स्वतः बघते आणि मग मान वळवून मला विचारते, "छोटे, तुला किती दिसतंय?" मी सांगते. "हं, मलाही तेवढंच," म्हणते आणि मग कुठे तिचं पुढचं काम सुरू होतं.

मी ऑफिसात असले तर ती फोटो पाठवते. भर मीटिंगमध्ये माझ्या फोनवर थर्मामीटरचा फोटो येतो, खाली प्रश्न तोच. एकदा मी वैतागून म्हटलं, "अगं, समोरच्या घरात चार डोळस माणसं राहतात, त्यांना विचार की!" "त्यांना नको," म्हणाली. का नको ते तिने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. न विचारणं हा आमच्या घरचा जुना कारभार आहे.

ताई अठ्ठावीस वर्षं नर्स होती. नऊ वर्षांपूर्वी एका दुपारी तिच्या वॉर्डात ऑपरेशन झालेला एक पेशंट दगावला. निवृत्त शिक्षक होते. वेदनेचं औषध तासाला पाच मिली जायला हवं होतं, ते पंचावन्न मिलीने गेलं. औषध सोडणाऱ्या पंपाच्या नोंदीत स्पष्ट होतं: पाच, पाच, सुरू. म्हणजे सिस्टरने पाचाची कळ दोनदा दाबली. ताईची नोकरी गेली, परवाना गेला, आणि ती एक बॅग घेऊन माझ्याकडे राहायला आली. मी एकटीच होते, घर मोठं होतं. बॅग ठेवल्या ठेवल्या तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि पहिल्यांदा तो प्रश्न विचारला.

आता जी गोष्ट नऊ वर्षं माझ्या पोटात होती ती सांगते. तो पंप आमच्या कंपनीचा होता. मी तिथे सॉफ्टवेअर तपासते. आणि त्या अपघाताच्या चौकशीत कंपनीच्या बाजूने यंत्र तपासलं ते मी. ती सिस्टर माझी सख्खी बहीण आहे हे मी साहेबांना सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर त्यांनी मला बाजूला केलं असतं, आणि मला तर यंत्रातली चूक शोधून ताईला सोडवायचं होतं. तीन आठवडे शोधली. सापडली नाही. "यंत्रात दोष आढळला नाही," असं मी लिहिलं आणि खाली सही केली. सही लग्नानंतरच्या आडनावाची होती. नवरा केव्हाच गेला, आडनाव तेवढं राहिलं होतं. ताईला काही कळलं नाही, अशी मी स्वतःची समजूत घातली.

गेल्या महिन्यात आमच्या नव्या पंपाची मीटिंग होती. विषय साधा दिसणारा: तपासणीआधी धोके शोधायचे, तर कोणत्या पद्धतीने शोधायचे? यंत्र माणसाचा जीव घेऊ शकतं तेव्हा सरसकट सगळं सारखंच तपासून भागत नाही. कुठे मरण लपलंय ते आधी हुडकायचं आणि तिथे जास्त जोर लावायचा. हुडकण्याच्या पद्धती मात्र अनेक आहेत, आणि प्रत्येक पद्धतीला आपल्याला हवं तेवढंच दिसतं.

आमची पद्धत तक्त्याची. एकेक भाग घ्यायचा आणि विचारायचं, हा बिघडला तर काय होईल? मग तीन आकडे द्यायचे: परिणाम किती वाईट, शक्यता किती, आणि वेळेत सापडणं किती कठीण. तिघांचा गुणाकार शंभराच्या वर गेला तर त्या ओळीवर काम करायचं, खाली राहिला तर ओळ बंद. जुन्या पंपाच्या तक्त्यात दोनशे चौदा ओळी होत्या. मला सगळ्या पाठ आहेत. त्यातली एकशे सदतिसावी अशी: सिस्टरने चुकीचा आकडा भरणे. परिणाम दहा. शक्यता दोन. सापडणं कठीण? छे, सिस्टर पडद्यावर पाहून खात्री करते, म्हणून दोन. गुणाकार चाळीस. ओळ बंद. हे आकडेही मीच दिले होते, अपघाताच्या दोन वर्षं आधी, बहुधा जेवणाच्या सुट्टीची वाट बघत.

"तक्ता तयार आहे," साहेब म्हणाले. "नव्या पंपाला नवे भाग किती? पंधरा. पंधरा ओळी वाढवा, पुढच्या शुक्रवारी सह्या करू. सरकारी तपासनीसांनाही तक्ताच कळतो." साहेब वाईट माणूस नाही. फक्त तयार गोष्टीवर त्याचा फार जीव.

आमच्या मीटिंगच्या टेबलाशी एक खुर्ची रिकामी ठेवायची पद्धत आहे. पेशंटची खुर्ची. अपघातानंतर मीच ती सुरू केली. निर्णय घेताना तिच्याकडे बघायचं, एवढाच हेतू. पहिलं वर्षभर सगळ्यांनी पाहिलं. हल्ली लोक तिच्यावर लॅपटॉपच्या बॅगा ठेवतात. मी मात्र बॅगा उचलते, आणि मला त्या खुर्चीत मास्तर बसलेले दिसतात. मी त्यांना कधीच पाहिलं नव्हतं, फोटोही नाही. तरी दिसतात. चष्मा, स्वच्छ सदरा, आणि पोराने गणित चुकवल्यावर मास्तर जसे गप्प बसून राहतात तसे बसलेले. मला त्यांची भीती वाटते, आणि ती सांगायची लाजही वाटते.

त्या दिवशी टेबलाशी एक नवीन बाई होत्या. आधीची बारा वर्षं त्यांनी रेल्वेच्या सिग्नलचं काम केलं होतं, म्हणून ऑफिसात त्यांना सगळे सिग्नलवाली म्हणायचे. तोंडावर नाही, अर्थात. त्यांनी तक्ता पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचला होता. हे इतक्या वर्षांत कुणी केलं नव्हतं.

"तक्ता चांगला आहे," त्या म्हणाल्या. "पण ह्यात प्रत्येक ओळीत काहीतरी बिघडतंय. काहीच न बिघडता अपघात झाला तर तो कुठल्या ओळीत सापडेल?"

"काहीच बिघडलं नाही तर अपघात होईल कशाला?" साहेब हसले.

"होतो. सिग्नल बरोबर, रूळ बरोबर, गाडी बरोबर, ड्रायव्हर शहाणा. आणि तरी दोन गाड्या एका रुळावर. प्रत्येकाने आपापलं काम केलेलं असतं, फक्त एकाला वाटतं दुसऱ्याला कळलं, आणि दुसऱ्याला कळलेलं असतं उशिरा."

साहेबांनी घड्याळ पाहिलं. मी खुर्चीकडे पाहिलं. मनात पाल चुकचुकली ती तिथे. नऊ वर्षांपूर्वी तीन आठवडे मी काय शोधत होते? बिघडलेला भाग. मोटर, कळा, बॅटरी, तारा. दोनशे चौदा वेळा विचारलं, हा बिघडला का? दोनशे चौदा वेळा उत्तर आलं, नाही. जखम मांडीला आणि मलम शेंडीला.

"तुमची पद्धत कोणती मग?" मी विचारलं.

"कोण कुणाला हुकूम देतं, आणि त्याला परत काय कळतं, एवढ्याच रेषा काढायच्या. इथे सिस्टर पंपाला हुकूम देते, पंप तिला पडद्यावरून उत्तर देतो. मग प्रत्येक हुकुमाला छळायचं. दिलाच नाही तर? दोनदा दिला तर? लवकर दिला, उशिरा दिला तर? उत्तर मागून आलं तर? पण त्यासाठी मला पंप चालवलेली एक नर्स हवी. इथे बसून आपण जी सिस्टर कल्पतो ती फार शहाणी असते."

"शुक्रवारपर्यंत नर्स कुठून पैदा करू?" साहेब म्हणाले.

काखेत कळसा आणि गावाला वळसा. मी मात्र तोंडातून शब्द काढला नाही. पद्धत कोणती हे ठरवायची जबाबदारी माझी होती. साहेबांनी मला पुढच्या गुरुवारपर्यंत वेळ दिला, आणि डोळ्यांनी सांगितलं की उत्तर तक्ताच असू दे.

शनिवारी दुपारी ताई खिडकीशी बसून उसवलेली उशी शिवत होती. मी समोर बसले. नऊ वर्षांत तो विषय मी एकदाही काढला नव्हता. तिला त्रास होईल म्हणून, असं मी मानत आले होते.

"ताई, त्या दिवशी नक्की काय झालं होतं गं?"

सुई थांबली. तिने वर पाहिलं नाही. "आज का?"

"कामासाठी हवंय." मी खोटं बोलले नाही एवढंच.

मग तिने उशी बाजूला ठेवली आणि टेबलावर दोन्ही हात असे ठेवले की जणू पंप समोरच होता. "औषधाची सिरिंज संपली होती. नवी बसवली, दार लावलं. दार लावलं की तो स्वतःशीच काहीतरी बघत बसायचा ना, गुरगुरत. चार-पाच सेकंद. मास्तर बोलत होते. त्यांची मुलगी भेटीच्या वेळेला यायची होती, किती वाजले विचारत होते. शेजारच्या पलंगाचा पंप ओरडत होता. मी पाच दाबलं." तिचं बोट टेबलावर टेकलं. "काही दिसलं नाही. कळ लागली नाही वाटलं. पुन्हा दाबलं." बोट पुन्हा टेकलं. "मग पाच दिसलं."

"पंचावन्न नाही?"

"पाच. एकच पाच. मी नीट बघितलं, छोटे. सुरू दाबलं आणि पुढच्या पलंगाकडे गेले." ती थांबली. "म्हणजे तेव्हा वाटलं होतं की नीट बघितलं. पंचावन्नच असणार. मलाच पाच दिसलं."

"दोनदा का दाबलंस?"

"अगं, म्हणजे काय? तू लिफ्टची कळ दोनदा दाबत नाहीस? दिवा लागला नाही तर बटण पुन्हा खाली-वर करत नाहीस? हे मी चौकशीत सांगितलं होतं. लिहून घेतलं त्यांनी."

लिहून घेतलं होतं. मला ते वाक्य पाठ होतं. "परिचारिकेच्या म्हणण्यानुसार पडद्यावर पाच दिसत होते. हे यंत्राच्या नोंदीशी जुळत नाही." पहिलं वाक्य हॉस्पिटलने पाठवलं होतं. दुसरं माझं होतं. माझ्या बहिणीचा शब्द कागदावरून माझ्यापर्यंत आला होता आणि मी तो यंत्राशी ताडून खोटा ठरवला होता. मी उठून मोरीत गेले आणि नळ सोडून उभी राहिले.

सोमवारी सकाळी मी प्रयोगशाळेतलं काचेचं कपाट उघडलं. तो पंप तिथेच असतो, लाल पट्टी लावलेला. चौकशीचा पुरावा म्हणून ठेवला आणि मग हलवायची कुणाला आठवण झाली नाही. बॅटरी बदलली, पाण्याची सिरिंज बसवली, चालू केला. तीनदा पिकपिकला. पडद्यावर अक्षरं उमटली: "तोच पेशंट? हो / नाही."

हा प्रश्न प्रत्येक पंप चालू होताना विचारतो. मीच तो हजारदा तपासला असेन. पण ह्या पंपाला शेवटचा पेशंट कोण ते आठवत होतं. भर सकाळी, सगळे दिवे लागलेले, बाहेर कुणीतरी मोठ्याने फोनवर बोलतंय, आणि माझं बोट काही केल्या कुठल्याच कळेवर जाईना. पाठीमागे कुणीतरी उभं आहे असं वाटत होतं. मी वळून पाहिलं नाही. शेवटी "हो" दाबलं. नाही म्हणायचं धैर्य झालं नाही.

दार लावलं. पंप गुरगुरायला लागला. पाच दाबलं, थांबले, पाच उमटलं. सगळं बरोबर. नऊ वर्षांपूर्वी मी हे असंच केलं होतं, शेकडो वेळा. तपासणाऱ्याचं बोट शिस्तीचं असतं: एक कळ दाबायची, उत्तराची वाट बघायची, लिहून घ्यायचं, मग दुसरी. घाईत, कुणाशी बोलत, कुणाच्या ओरड्याकडे कान ठेवून मी तो पंप कधी चालवलाच नव्हता. म्हणून मी आमच्या ऑफिसातल्या रेडिओचा आवाज मोठा केला, मान तिकडे वळवली आणि ताईसारखं केलं. दार, पाच, काही नाही, पाच, बघ, सुरू.

चौदाव्या वेळेला झालं. पडद्यावर एकच पाच होतं. मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. सुरू दाबलं, आणि नेहमीप्रमाणे आकडा जाऊन त्याजागी टपटपणारा थेंब आला. नळीखाली मापाचं भांडं ठेवलं होतं. तासाला पाच म्हणजे सहा मिनिटांत अर्धा मिली पाणी यायला हवं. आलं साडेपाच.

कारण अगदी क्षुल्लक होतं. दार लावल्यावर पंप स्वतःला तपासत असताना दाबलेली कळ बहुतेक वेळा गिळून टाकायचा, पण नेमक्या क्षणी पडली तर लक्षात ठेवायचा, आणि पडदा मात्र दमादमाने, एक कळ मागून दाखवायचा. तेवढ्या दोन सेकंदांत पोटात पंचावन्न आणि तोंडावर पाच. काहीही बिघडलेलं नव्हतं. कळांचा प्रोग्राम बरोबर, पडद्याचा बरोबर, मोटर बरोबर. सिस्टरनेही, आम्ही तक्त्यात लिहिलं होतं तसंच, पडद्यावर पाहून खात्री केली होती.

मी स्टुलावर बसले आणि रडले. खोटं कशाला सांगू, आधी आनंदाने रडले. ताई सुटली म्हणून. मग लक्षात आलं की तिला सोडवायचं तर मला अडकावं लागेल.

मंगळवारी सिग्नलवालीने आणि मी नवा पंप तसाच छळला. नवव्या वेळेला पाच दाखवून पंचावन्न. जुन्या पडद्याचा प्रोग्राम जसाच्या तसा नव्यात घेतला होता, का तर तो तपासलेला होता. ये रे माझ्या मागल्या. सिग्नलवालीने तिची रेषांची आकृती टेबलावर ठेवली. पडद्याकडून सिस्टरकडे जाणाऱ्या रेषेवर तिने मंगळवारच्या आधीच एक शब्द लिहून ठेवला होता: उशिरा.

साहेबांना मी एकटीने सगळं सांगितलं, ताई कोण तेही. ते पांढरे पडले. मग शांत झाले, मग अगदी प्रेमळ झाले. "हे बघा, नव्या पंपात हे दुरुस्त करू. तुमची पद्धत घ्या, हवा तो वेळ घ्या, मी अडवणार नाही. पण जुनं मढं कशाला उकरायचं? ते पंप आता जुने झाले, दोन-तीन वर्षांत आपोआप बाद होतील. तुम्ही नातं लपवलंत हे बाहेर आलं तर तुमची नोकरी तर जाईलच, शिवाय लोक म्हणतील बहिणीला वाचवायला बाईने अहवाल फिरवला. आणि तुमच्या ताई... एवढी वर्षं गेली. त्यांनाही आता सवय झाली असेल."

खरं सांगते, दिवसभर मला ते पटलं होतं. पुढचे जीव वाचतात, पद्धत बदलते, माझी खुर्ची राहते. ताईला काही कळायचं कारण नाही. घरी आले तेव्हा ती वजनकाट्यावर उभी होती, माझी वाट बघत. किती वेळ उभी होती कोण जाणे. "छोटे, तुला किती दिसतंय?" सवय झाली असेल, म्हणे.

"ताई, गुरुवारी माझ्या ऑफिसात येशील?" मी म्हटलं.

गुरुवारी ती तिच्या जुन्या निळ्या स्वेटरमध्ये आली. वाटेत तिने मला काहीही विचारलं नाही. मीटिंगच्या खोलीत साहेब, सिग्नलवाली आणि मी. टेबलावर लाल पट्टीचा पंप. ताई तो बघून दारातच थबकली. मग आत आली आणि बसायला जागा शोधू लागली. एकच खुर्ची मोकळी होती.

"इथे नको," मी घाईने म्हटलं, "ती पेशंटची खुर्ची आहे. आम्ही ती रिकामी ठेवतो. त्यांची आठवण राहावी म्हणून."

ताईने त्या खुर्चीकडे बराच वेळ पाहिलं. तिला काय दिसलं मला माहीत नाही. "चांगलं आहे," ती म्हणाली. "आणि सिस्टरची कुठली?"

सिग्नलवाली उठली, तिने स्वतःची खुर्ची ताईला दिली आणि भिंतीशी उभी राहिली.

मी पंप चालू केला. त्याचा तो प्रश्न आला. ह्या वेळी "हो" ताईने दाबलं, मला न विचारता. कळा तिला न बघता सापडत होत्या. दार. पाच. काही नाही. पाच. मी आकडा वाचायला पुढे वाकले, पण तिने हाताने थांबवलं. सुरू. भांड्यात पाणी बरोबर आलं. पुन्हा. पुन्हा बरोबर. साहेब हळूच सैलावले. ती करत राहिली. अकराव्या वेळी "सुरू"वर बोट टेकवतानाच ती माझ्याकडे मान वळवून म्हणाली, "छोटे, तुला किती दिसतंय?"

"पाच, ताई."

"मलाही," म्हणत तिने सुरू दाबलं.

मग आम्ही चौघांनी सहा मिनिटं भांड्याकडे पाहिलं. पाणी अर्ध्या मिलीच्या रेघेशी आलं तेव्हा एक मिनिटही झालं नव्हतं. एकाच्या पुढे गेलं, दोनाच्या पुढे गेलं. साहेबांनी चष्मा काढून ठेवला. साडेपाचाशी पंप मी बंद केला. त्या खुर्चीकडे बघायची माझी छाती झाली नाही.

मी लिहून आणलेला कागद साहेबांपुढे ठेवला: पद्धत कोणती, का, जुने पंप कुठल्या कारणाने आजपासून थांबवायचे, आणि शेवटी चौकशीच्या अहवालातली माझी सही आणि ताईशी माझं नातं. त्यांनी तो वाचला. "मढं उकरलंत," म्हणाले. पण पेन काढलं. त्या संध्याकाळी सगळ्या हॉस्पिटलांना कळवलं गेलं, आणि मला चौकशी होईपर्यंत घरी बसायला सांगितलं गेलं. योग्यच होतं.

घरी ताई खिडकीशी बसली. मी उभीच राहिले. चोर सोडून संन्याशाला फाशी दिली की चोराने कुठे बसायचं असतं?

"ताई, तो अहवाल मी लिहिला होता. यंत्रात दोष नाही, असं. सही माझी होती."

"माहीत आहे."

"काय?"

"मला प्रत दिली होती ना त्यांनी. तुझी सही मी ओळखणार नाही? शाळेत तुझ्या प्रगतिपुस्तकावर बाबांची सही तूच ठोकायचीस, आणि पकडली गेलीस की मी निस्तरायची."

मी तिच्यासमोर जमिनीवरच बसले. "पहिल्या दिवसापासून माहीत होतं? आणि तरी माझ्याकडे राहायला आलीस? माझ्यावर ओरडली का नाहीस? भांडली का नाहीस?"

"दुसऱ्या कुणी लिहिलं असतं तर भांडले असते," ती म्हणाली. "वरपर्यंत गेले असते. मी पाच पाहिलं होतं, छोटे. मला पक्कं माहीत होतं. पण मग तुझी सही पाहिली. म्हटलं, ही माझ्यासाठी तरी नीट बघेल. हिने बघून पंचावन्न म्हटलंय, म्हणजे माझेच डोळे खोटे. तेव्हापासून तुलाच विचारते."

मी तिच्या मांडीवर डोकं ठेवलं. तिने केसांतून हात फिरवला नाही, हात काढूनही घेतला नाही. बाहेर दिवसाचा उजेड अजून होता. समोरच्या घरातला माणूस बाल्कनीत कपडे काढत होता.

"तोंड बघ तुझं कसं झालंय," शेवटी ती म्हणाली. "ऊठ. प्रेशर बघू." तिने कपाटातून रक्तदाबाचं यंत्र काढलं, माझ्या दंडाला पट्टा गुंडाळला, बटण दाबलं. एकदाच. पट्टा आवळत गेला आणि सैल झाला. आकडे तिच्या बाजूला होते. ती त्यांच्याकडे बघत राहिली. मी नेहमीच्या प्रश्नाची वाट बघत होते.

"एकशे अठ्ठावन्न, अठ्ठ्याण्णव," ती म्हणाली. मग यंत्र माझ्याकडे थोडं सरकवलं. "खोटं वाटत असेल तर बघ."

मी डोळे मिटून घेतले, आणि तिला सांगितलं की तू म्हणतेस तेवढंच आहे.